चारचौघांत मोबाइल कसा वापरायचा: लोकलपासून नाट्यगृहापर्यंत

मोबाइलच्या मॅनर्सवर कोणी काही लिहिलं की ते लगेच 'दुसऱ्यांचा विचार करा' वर येतं आणि त्याने काडीचा फरक पडत नाही, कारण लोकलमध्ये फुल आवाजात रील बघणाऱ्या माणसालाही मनापासून वाटत असतं की आपण दुसऱ्यांचा विचार करतो. माझं मत असं की यातलं बरंचसं काम घरातून निघायच्या आधी सेटिंगमध्ये जाऊन होतं. फोन एकदा नीट लावून ठेवला की नंतर स्वतःवर ताबा वगैरे ठेवायची गरज फार पडत नाही. म्हणून इथे क्रम पण तोच ठेवलाय, आधी फोन, मग बोलणं, मग कुठे काय बदलायचं, मग दुसऱ्याला कसं सांगायचं, जे सगळ्यात अवघड, आणि शेवटी घरातल्या मोठ्यांचे फोन.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. २००३ पर्यंत आपल्याकडे इनकमिंगला पण पैसे पडायचे, त्यामुळे लोकं झक मारत थोडक्यात बोलायची, मिस्ड कॉल देऊन काम भागवायची. तेव्हा त्रास होता तो रिंगटोनचा. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा पाण्याच्या भावात मिळायला लागला आणि फोनचा टीव्हीच झाला. म्हणजे आता खरा त्रास रिंगचा कमी आणि स्पीकरचा जास्त आहे, आणि आपल्या सवयी मात्र अजून 'सायलेंटवर टाकला की झालं' इथेच अडकल्यात.

पायरी १: निघायच्या आधी फोनचं सेटिंग लावून घ्या

आवाजाचं बटण दाबलं की स्क्रीनवर पट्टी येते, तिच्यावरचे तीन टिंब किंवा बाण दाबला की अँड्रॉइडमध्ये वेगवेगळ्या पट्ट्या दिसतात, मीडियाची, कॉलची, रिंगची, अलार्मची. बहुतेकांना फक्त रिंगची माहीत असते. तुम्ही मीडियाची पट्टी पार शून्यावर आणा. अख्ख्या लेखातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा, कारण मग ग्रुपवर आलेला व्हिडिओ चुकून उघडला, बातम्यांच्या साइटवर जाहिरात आपोआप सुरू झाली, तरी फोन गप्प बसतो. हेडफोन लावले की बहुतेक फोनात त्यांचा आवाज वेगळा लक्षात ठेवलेला असतो, त्यामुळे ऐकायला काही अडचण येत नाही. आणि ब्लूटूथ जोडलंय असं समजून प्ले दाबायचं आणि अख्ख्या डब्याला ऐकवायचं, हा जो हमखास प्रकार होतो ना, तो पण यानेच टळतो.

त्याच सेटिंगमध्ये आहात तर कीपॅडचा टकटक आवाज, स्क्रीन लॉकचा आवाज, चार्जिंगचा आवाज हे पण बंद करून टाका. एका मेसेजला चाळीस टकटक, आणि शेजारचा माणूस दात ओठ खात बसलेला.

मग डू नॉट डिस्टर्ब, म्हणजे सगळे कॉल-मेसेज गप्प ठेवणारं सेटिंग. लोकं हे वापरत नाहीत कारण भीती वाटते, घरून काही अर्जंट आलं तर? त्याची सोय आत आहे. फेव्हरेट किंवा स्टार केलेले नंबर चालू ठेवता येतात, म्हणजे आई, नवरा किंवा बायको, मुलांची शाळा, सोसायटीचा वॉचमन असे मोजके नंबर टाकून ठेवायचे. शिवाय एकाच नंबरवरून लागोपाठ दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजू द्यायचा, असंही सेटिंग आहे, आयफोनमध्ये तीन मिनिटांच्या आत आणि अँड्रॉइडमध्ये साधारण पंधरा मिनिटांच्या आत. घरच्यांना सांगून ठेवा की खरंच अर्जंट असेल तर लगेच परत एकदा लावा. बँकेची लोनवाली मुलगी काही लागोपाठ दोनदा करत नाही. बरं, कधीकधी करते, पण ते सोडा.

आता अलार्म. फोन सायलेंट असला तरी अलार्म वाजतो, ते मुद्दाम तसंच केलेलं आहे नाहीतर सकाळी कोणी उठलंच नसतं. पण रात्री नऊची बीपीची गोळी, मुलाला क्लासवरून आणायची आठवण, असले अलार्म आपण लावतो आणि विसरतो, आणि मग ते नेमके प्रयोगात नाहीतर शोकसभेत वाजतात. कुठे बसायला जाणार असाल तर त्या दोन-तीन तासांतले अलार्म बघून घ्या.

शेवटचं म्हणजे पटकन पाठवायचे मेसेज. फोन कट करताना मेसेज पाठवायचा पर्याय येतो, त्यात आधीचे इंग्रजी मेसेज असतात, ते बदलून आपले लिहून ठेवा. 'गाडीत आहे, उतरल्यावर करतो', 'मीटिंगमध्ये आहे, काम असेल तर मेसेज टाक', 'नाटकात आहे, दहानंतर बोलू'. तीन पुरे झाले. आणि बॅगेत एक वायरवाला हेडफोन टाकून ठेवा, ब्लूटूथवाल्याची बॅटरी संपते ती नेहमी कल्याणच्या अलीकडेच.

पायरी २: फोन आलाच तर

भलत्या ठिकाणी फोन वाजला की लोकं घाबरून पर्समध्ये, खिशात हात घालून स्क्रीन शोधत बसतात आणि तोपर्यंत अख्खी रिंग वाजून होते. स्क्रीनकडे बघायचंच नाही. बाजूचं आवाजाचं नाहीतर पॉवरचं बटण कापडावरूनच एकदा दाबा, बहुतेक फोनची रिंग तिथेच गप्प होते आणि कॉल कट पण होत नाही, समोरच्याला वाजतच राहतो. आयफोनला पॉवरचं बटण दोनदा दाबलं तर कट होतो, एकदाच दाबा.

उचलायचाच असेल तर पहिल्या वाक्यात तीन गोष्टी सांगून टाका, कुठे आहे, अर्जंट आहे का, परत कधी करणार. 'ट्रेनमध्ये आहे, अर्जंट आहे का? नाहीतर साडेसातला उतरलो की करतो.' बास. आपल्याकडे काय होतं, 'हां बोल', 'काही नाही रे सहज', 'जेवलास का', असं करत करत दोन स्टेशनं जातात आणि मुद्दा शेवटी येतो.

आता आवाज का चढतो ते बघा. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो, याला लोम्बार्ड इफेक्ट म्हणतात, एटिएन लोम्बार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे मांडलं होतं. म्हणजे गाडीत ओरडणारा माणूस मुद्दाम ओरडत नसतो, त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येत नसतो. पण फोनच्या माइकला ते लागतच नाही, तो तोंडाजवळ असतो आणि हल्लीचे फोन मागचा गोंगाट बऱ्यापैकी कापतात. उपाय साधा आहे. फोन कानाला नीट टेकवा, मोकळ्या हाताचा तळवा दुसऱ्या कानावर ठेवा, स्वतःचा आवाज आतून ऐकू यायला लागतो आणि आपोआप खाली येतो. दोन्ही कानांत इअरफोनचे बोळे घालून बोलत असाल तर एक काढा, कारण ते बाहेरचा आवाज इतका बंद करतात की आपण किती जोरात बोलतोय ते कळतच नाही.

आणि नेटवर्क जात असेल तर ओरडून येत नाही! 'हॅलो, हॅलो, आवाज येतोय का' हे दोनदा झालं की कट करा आणि मेसेज टाका. ठाण्यापुढच्या पारसिकच्या बोगद्यात कोणाचाच आवाज आजवर ओरडून बाहेर पोचलेला नाही.

शेजारच्याला त्रास नक्की कशाचा होतो यावर कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये एक प्रयोग छापला होता. दोन माणसं समोरासमोर गप्पा मारत असतील तर कानावर पडलं तरी फार त्रास होत नाही, पण फोनवरचं अर्धंच बोलणं ऐकू आलं की मेंदू उरलेलं अर्धं जुळवायच्या नादाला लागतो आणि हातातल्या कामावरून लक्ष उडतं. म्हणून 'मी काय फार जोरात बोलत नव्हतो' हे उत्तर पुरत नाही, हळू बोललात तरी लांबलं की त्रास होतोच. छोटं बोलणं हळू बोलण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

याच पायरीत अजून एक, जे मला मॅनर्सपेक्षाही गंभीर वाटतं. गाडीत, बँकेच्या रांगेत लोकं मोठमोठ्याने ओटीपी सांगतात, आधार नंबर सांगतात, जन्मतारीख, खातं नंबर, घर आज बंद आहे आणि किल्ली कोणाकडे आहे इथपर्यंत. असलं काही सांगायची वेळ आली तर फोनवर 'टाइप करून पाठवते' म्हणा. तेही घरच्याच माणसाला. ओटीपी मागणारा अनोळखी असेल तर टाइप पण करू नका, आणि पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, म्हणजे १९३० वर, लगेच फोन करा.

पायरी ३: जागा बघून बदला

लोकल आणि बस. नियम म्हणाल तर मुंबईच्या बेस्टने एप्रिल २०२३ मध्येच बसमध्ये हेडफोनशिवाय ऑडिओ-व्हिडिओ लावायला आणि फोनवर मोठ्याने बोलायला बंदी केलीये, कंडक्टरला तुम्ही ते सांगू शकता. लोकलमध्ये मात्र सगळं एकमेकांच्या समजुतीवर चालतं. सकाळच्या गाडीत निम्मी माणसं झोपलेली असतात, बदलापूर-विरारवाल्यांची तेवढीच झोप, तिथे स्पीकर अजिबात नको. संध्याकाळी भजनी मंडळं असतात, सीरियल बघणाऱ्या असतात, वातावरण थोडं सैल असतं, तरी स्पीकर नको. मॅचच्या शेवटच्या दोन ओव्हर हा एकच अपवाद मी मानते, तेव्हा अख्खा डबाच 'किती झाले, किती झाले' विचारत असतो आणि ज्याच्या फोनवर चालू असेल तो त्या दिवसाचा राजा.

गर्दीत उभं राहून फोन बघायचा असेल तर छातीशी धरा, पुढच्याच्या मानेवर कोपर टेकवून नाही. बॅग पुढे घेतली तर तिच्याच आडोशाला फोन मावतो. आणि दारात उभं राहून फोन काढूच नका, हे मॅनर्सचं नाही, जिवाचं आहे. फटका गँगवाले रुळाच्या बाजूला उभं राहून हातावर काठी मारतात आणि फोनच्या मागे माणूस पण जातो. उतरताना जिन्यावर टाइप करत चालणं तर कृपा करून नको, मागे तीनशे माणसं असतात आणि तुम्ही 'ओके' लिहायला थांबलेले असता.

व्हिडिओ कॉलला आवाजाइतकाच कॅमेऱ्याचा प्रश्न असतो. एसटीत फोन तोंडासमोर धरून बसलात की मागची सगळी माणसं तुमच्या पुण्याच्या भाच्याला दिसतात, कोणी झोपलंय, कोणी बाळाला पाजतंय. कॅमेरा खिडकीकडे करा नाहीतर साधा कॉल करा.

लांब पल्ल्याची गाडी असेल तर रात्री दहा ही वेळ लक्षात ठेवा. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वे बोर्डाने सांगून टाकलंय की दहानंतर मोठ्याने फोनवर बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, आणि डब्यातल्या स्टाफने तक्रार आली तर बघायचं. बर्थ शोधायला टॉर्च लावलात तर जमिनीकडे धरा, लोकांच्या तोंडावर नको. पहाटे उतरायचं असेल तर अलार्म व्हायब्रेशनवर लावून फोन उशीखाली नाहीतर खिशात ठेवा, आणि वाजला की पहिल्यांदाच बंद करा, स्नूझ नको, तुमच्या पाच-पाच मिनिटांच्या झोपेसाठी अख्खा कंपार्टमेंट चार वेळा उठतो. चार्जिंग पॉइंट एकच असेल तर दुसऱ्याचा फोन न विचारता काढायचा नाही, आणि आपला शंभर टक्के झाला की लावून झोपून जायचं नाही.

आता नाट्यगृह, इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे. सिनेमात पडद्यावरच्या माणसाला काही कळत नाही, नाटकात समोर जिवंत माणूस उभा असतो आणि त्याला तुमचा फोन तुमच्याइतकाच ऐकू येतो. विक्रम गोखल्यांनी यावरून चालू प्रयोग थांबवले होते, सुबोध भावेने २०१९ मध्ये वैतागून जाहीर लिहिलं होतं की असंच चालणार असेल तर नाटकात काम न करणं हाच उपाय. दर प्रयोगाच्या आधी अनाउन्समेंट होते, तरी पहिल्या अंकात एक तरी वाजतोच. लोकं म्हणतात जॅमर लावा, म्हणजे नेटवर्कच बंद पाडणारं यंत्र, पण जॅमर असा कोणालाही लावता येत नाही, केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि प्रेक्षकांत डॉक्टर असतात, कोणाचं घरी कोणी आजारी असतं, त्यामुळे तो मार्ग मला तरी पटत नाही.

तर करायचं काय? दुसरी घंटा झाली की फोन काढा. तिसरीपर्यंत थांबलात तर अंधार होतो आणि मग तोच फोन शोधायला उजेड पाडावा लागतो. शक्य असेल तर स्विच ऑफ. नसेल तर डू नॉट डिस्टर्ब आणि व्हायब्रेशनसुद्धा बंद, कारण खुर्चीच्या लाकडाला टेकलेला फोन घुर्र करतो ते तीन रांगांना ऐकू जातं. शुद्ध शांततेचा प्रसंग असेल, नटाने पॉज घेतलेला असेल, तर पाच रांगांना. घड्याळ बघायला फोन काढू नका, स्मार्टवॉच असेल तर त्याचा थिएटर मोड लावा, नाहीतर टाळ्या वाजवायला हात उचलला की मनगटावर दिवा लागतो. बाल्कनीत बसलेल्यांना खालच्या सगळ्या स्क्रीन दिसत असतात, तुम्हाला वाटतं मांडीवर धरलाय म्हणजे लपलाय.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे फोन उचलून हळू आवाजात 'नाटकात आहे, नंतर करतो' असं सांगणं. रिंग बटण दाबून गप्प झाली असती, हा संवाद वीस सेकंद चालतो, वर समोरचा विचारतो कुठलं नाटक! उचलायचाच असेल इतका महत्त्वाचा फोन येणार असेल तर आधीच कडेची सीट घ्या आणि व्हायब्रेट झाला की बाहेर जाऊन बोला. डॉक्टर मंडळी हे नीट करतात, मी पाहिलंय. प्रयोगाचं शूटिंग करायचं नाही हे वेगळं सांगायला नको, कर्टन कॉलला, म्हणजे शेवटी सगळे कलाकार नमस्काराला येतात तेव्हा, फोटो काढायचे असतील तर आधी टाळ्या वाजवा.

दवाखान्यात बाहेरच्या बाकावर नंबर यायची वाट बघताना मीडिया शून्यावर, इतकं पाळलं तरी पुष्कळ आहे. डॉक्टरांच्या केबिनमध्ये फोन उचलू नका, तुमच्या मागे वीस पेशंट असतात. वॉर्डात शेजारच्या कॉटवर कोणाची काय अवस्था आहे ते आपल्याला माहीत नसतं, तिथे नातेवाइकांना व्हिडिओ कॉलवर पेशंट दाखवत फिरू नका, बोलायचं तर व्हरांड्यात जा. बँक, पोस्ट, मेडिकल, भाजीवाला, कुठेही काउंटरवर तुमचा नंबर आला की फोन बंद, समोरच्या माणसाला हाताने 'एक मिनिट' दाखवून ताटकळत ठेवणं फार वाईट दिसतं. अभ्यासिकेत, विशेषतः पुण्याच्या पेठांतल्या, फोन टेबलावर ठेवायचाच नाही, एक व्हायब्रेट झाला की एमपीएससीवाली वीस डोकी वर होतात. देवळात पाटी असेल ते पाळा, बऱ्याच ठिकाणी आता फोन लॉकरमध्येच ठेवायला लावतात, केदारनाथलाही २०२३ पासून आत फोन चालत नाही. किल्ल्यावर ब्लूटूथ स्पीकर घेऊन जाणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, बोलले तर लेखाची भाषा बिघडेल.

लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी फोटोग्राफरच्या पुढे चार काका फोन धरून उभे असतात, अंतरपाट दूर होतो तो क्षण अल्बममध्ये फक्त काकांच्या टकलासकट येतो. अक्षता टाका, फोटो नंतर मागून घ्या. आणि कोणाच्या अंत्यदर्शनाला गेलात तर फोन गाडीतच ठेवा, फोटो काढायचा नाही, स्टेटसला तर नाहीच नाही, जोपर्यंत घरचे स्वतः काही टाकत नाहीत.

पायरी ४: दुसऱ्याला सांगायचं कसं

समोरच्याला माहीतच नाही असं धरून चाला, आणि खूपदा ते खरंच असतं. डोळे मोठे करून बघणं, च्यक् च्यक् करणं, शेजारच्याला ऐकू जाईल असं 'काय लोकं असतात ना' म्हणणं, याने तो अजून आवाज वाढवतो. सरळ त्याच्याशी बोला, नातं लावून आणि कारण आपल्याकडे घेऊन. 'काका, जरा आवाज कमी करता का, माझं डोकं दुखतंय.' 'ताई, हेडफोन आहे का? बाळ आत्ताच झोपलंय.' कॉलेजच्या पोराला 'दादा' म्हटलं की तो पटकन ऐकतो, 'ए' म्हटलं की भांडण. 'कायद्याने बंदी आहे' ही सुरुवात कधीच करू नका, कायदा दुसऱ्या फेरीला.

एकदा सांगून झालं नाही तर परत स्वतः बोलू नका. बसमध्ये कंडक्टर, गाडीत टीसी, नाट्यगृहात डोअरकीपर, हे त्यांचं काम आहे. रेल्वेला १३९ वर फोन नाहीतर मेसेज करून डबा आणि सीट नंबर कळवता येतो. आणि त्या माणसाचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायची हुक्की आली तर आवरा, विनापरवानगी अनोळखी माणसाचं शूटिंग हे त्याच्या रीलपेक्षा कमी वाईट नाहीये.

पायरी ५: घरातल्या मोठ्यांचे फोन

स्पीकरवर बोलणाऱ्यांत वयस्कर माणसं जास्त दिसतात आणि त्यांच्यावर चिडण्याआधी हे बघा की त्यांना कानाला लावून ऐकूच येत नसतं. कधी कान गेलेला असतो, कधी फोनच्या वरच्या जाळीत कचरा बसलेला असतो, मऊ कोरड्या ब्रशने हलक्या हाताने साफ केली तर बरेचदा तेवढ्यानेच भागतं. मग कॉलचा आवाज पूर्ण वाढवून द्या, तो कॉल चालू असताना बटण दाबूनही वाढतो हे त्यांना माहीत नसतं. व्हॉट्सअॅपचा व्हॉइस मेसेज फोन कानाला लावला की स्पीकरऐवजी कानातच ऐकू येतो, हे एकदा हातात धरून करून दाखवा, खूश होतात. रिंगटोन आरती असो नाहीतर गाणं, राहू द्या, फक्त अर्ध्यावर आणा. हे सगळं फोन हिसकावून घेऊन करू नका, त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याच बोटाने करून घ्या, नाहीतर पुढच्या अपडेटला सगळं परत पहिल्यासारखं होतं आणि तुम्हाला फोन येतो, स्पीकरवरून.